‘मारले गेले’, पण मारलं कोणी? : बोस्नियाच्या युद्धावरचा लेख तपासायचा कसा

वंशसंहार नाकारणारा लेख ‘असं काही घडलंच नाही’ असं सहसा म्हणत नाही. तसं म्हणणारे चटकन ओळखू येतात. अडचण होते ती अभ्यासू दिसणाऱ्या लेखाची. त्यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर बऱ्याचदा खरंही निघतं. गडबड असते ती आकडा कुठला निवडला, क्रियापद कुठलं वापरलं, गोष्ट कुठल्या तारखेला सुरू केली आणि ‘पण’च्या अलीकडे-पलीकडे काय मांडलं, यात. त्या जागा कशा शोधायच्या ते इथे दिलं आहे. उदाहरण बोस्नियाचं घेतलंय, कारण तिथल्या एका घटनेवर इतके निकाल, इतके न्यायवैद्यक अहवाल आणि इतकी साक्ष उपलब्ध आहे की लेखातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ताडून पाहता येतं. बोस्नियावर भाषांतर करणाऱ्याला, पुरवणी लावणाऱ्याला किंवा नुसतंच फॉरवर्ड आलेलं वाचणाऱ्याला ही रीत सारखीच उपयोगी पडेल.

आधी पाया. युगोस्लाव्हिया फुटताना १९९२-९५ मध्ये बोस्नियात बोस्नियाक (तिथला मुस्लिम समूह), सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध झालं. ११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिचच्या हाताखालच्या बोस्नियन सर्ब सैन्याने पूर्व बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा हे गाव घेतलं. (मराठीत ते ‘स्रेब्रेनिका’, ‘सेब्रेनिका’ असंही छापून येतं. जुने लेख शोधताना सगळी रूपं टाकून पाहा.) एप्रिल १९९३ पासून हा भाग संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला होता आणि तिथे डच सैनिक तैनात होते. शेजारच्या पोटोचारीतून बोस्नियाक बायका, लहान मुलं आणि बरेच म्हातारे बसमध्ये भरून बाहेर पाठवले गेले. पुरुष आणि वयात आलेले मुलगे वेगळे काढले. जंगलातून तुझ्लाकडे निघालेल्यांपैकी हजारो जण वाटेत पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत क्रावित्साचं गोदाम, ओराहोवात्स, ब्रान्येवोचं लष्करी शेत, कोझ्लुक अशा ठिकाणी त्यांना गोळ्या घातल्या. मृतांची संख्या सात ते आठ हजार. १९९५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच सैन्याने पुरलेली प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेऊन पुरली. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, आकड्यांच्या वादात तो पुन्हा येणार आहे.

आता लेख हातात घ्या. शक्यतो कागदावर छापून घ्या, पडद्यावर वाचताना डोळा घसरतो. हजार शब्दांच्या मजकुराला पाऊण तास धरा. पहिल्या वाचनात मत बनवायचं नाही, फक्त खुणा करायच्या: आकड्यांना गोल, तारखांना चौकट, मरणाबद्दलच्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ, आणि माणसांच्या गटांना दिलेल्या प्रत्येक नावाशेजारी समासात फुली.

फुल्यांपासून सुरुवात

मराठीत या विषयावर लिहिताना पहिला घोटाळा शब्दकोशातच होतो. युगोस्लाव्हियात १९७१च्या जनगणनेपासून ‘मुस्लिम’ हे एका राष्ट्रीय समूहाचं नाव म्हणून मान्य होतं. लॅटिन लिपीत मोठ्या अक्षराने लिहिलं तर समूह, लहान अक्षराने लिहिलं तर धर्म. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे ‘बोस्नियातले मुस्लिम’ म्हटलं की आपला वाचक ते थेट आपल्याकडच्या हिंदू-मुस्लिम चौकटीत बसवतो आणि पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचतो. सप्टेंबर १९९३ मध्ये या समूहाने ‘बोस्नियाक’ हे नाव स्वीकारलं. तेच वापरा. १९९२-९५ मधली बातमी किंवा निकाल उद्धृत करताना मूळात ‘मुस्लिम’ असेल तर तसं ठेवा आणि एकदा खुलासा करा. ‘बोस्नियन’ हा शब्द त्या देशातल्या कोणालाही लागू पडतो, सर्ब आणि क्रोएटांनाही.

दुसरा शब्द ‘वांशिक’. इंग्रजी ‘एथनिक’ला आपण तो सर्रास लावतो, पण बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट हे तीन वंश नव्हेत. बोली जवळजवळ एकच, चेहरेमोहरे एकच, फरक धर्मपरंपरेचा आणि इतिहासाच्या आठवणींचा. ‘वांशिक युद्ध’ आता रुळलंय, तेव्हा ते काढून टाका असं म्हणणं व्यर्थ. मात्र लेखक त्या शब्दावरून ‘रक्तातलंच वैर’ या निष्कर्षावर उडी मारत असेल तर समासात प्रश्नचिन्ह टाका.

आणि मुख्य शब्द. नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद, हत्याकांड हे आपल्याकडे आलटून पालटून येतात. १९४८च्या करारानुसार वंशसंहार म्हणजे राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाचा पूर्ण अथवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाचांपैकी एखादी कृती. ‘अंशतः’ आणि ‘हेतू’ हे दोन शब्द सगळं ठरवतात. किमान संख्येची अट नाही. म्हणून ‘आठ हजार म्हणजे काय वंशसंहार? लोकसंख्या तर वीस लाख होती’ हा युक्तिवाद व्याख्येतच बसत नाही. उलट, कितीही माणसं मेली तरी तो हेतू सिद्ध झाला नाही तर तो वंशसंहार ठरत नाही. आपल्याकडे जालियनवाला बागेला हत्याकांड म्हणतात ते बरोबरच आहे. ‘वंशसंहार’ कायद्याच्या अर्थासाठी राखून ठेवा, सामूहिक कत्तलीला ‘हत्याकांड’ म्हणा, आणि ‘वांशिक शुद्धीकरण’ अवतरणचिन्हांत घाला. शुद्धीकरणात काहीतरी घाण साफ केल्याचा वास येतो, शिवाय त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. म्हणूनच वंशसंहार म्हणायचं टाळणाऱ्यांना तो शब्द सोयीचा पडतो.

गोल केलेले आकडे

प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारा. काय मोजलंय: मृत, बेपत्ता, सापडलेली प्रेतं की ओळख पटलेली माणसं? कोणाचं: सगळ्यांचं, की फक्त नागरिकांचं? कुठलं: गावाचं, तालुक्याचं की देशाचं? आणि किती काळातलं, कधी मोजलेलं?

चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त लेख आपटतात. ‘स्रेब्रेनित्सात प्रत्यक्षात दोनच हजार प्रेतं सापडली’ हे वाक्य अजून फिरतं. ते हवेतून आलेलं नाही. बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रस्तिच याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेल्या खटल्याच्या ऑगस्ट २००१च्या निकालात, तोवर उकरलेल्या २१ दफनस्थळांमधून किमान २,०२८ प्रेतं मिळाल्याचं नमूद आहे. त्या दिवशी ते खरं होतं. पण तेव्हा उकरण्याचं काम अर्धवट होतं, आणि यंत्रांनी हलवलेल्या प्रेतांचे तुकडे झाले होते. एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळत होती. कवट्या मोजून हिशोब लागणं शक्य नव्हतं. २००१च्या अखेरीपासून बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हाडांतला डीएनए नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवायला सुरुवात केली. आज ओळख पटलेल्यांची संख्या सात हजारांच्या जवळ आहे, आणि पोटोचारीच्या स्मारकावर ८,३७२ हा आकडा कोरलेला आहे. २००१चा आकडा गोठवून त्यावर आजची तारीख लावली की नकार तयार होतो, एकही खोटा अंक न लिहिता.

याच जागी दुसरी पळवाट येते: ‘ते सगळे लढाईत मेले.’ यातही खऱ्याचा अंश आहे. जंगलातून निघालेल्या दहा-पंधरा हजारांच्या रांगेत साधारण एक तृतीयांश सैनिक होते, आणि वाटेतल्या चकमकींत माणसं मेली हे न्यायालयाने नाकारलेलं नाही. मग पाहायचं ते खड्ड्यांत काय सापडलं. त्याच निकालात नोंद आहे: दहा ठिकाणी मिळून किमान ४४८ डोळ्यांवरच्या पट्ट्या, १३ ठिकाणी मिळून सुमारे ४२३ हात बांधण्याच्या दोऱ्या-तारा. लढणाऱ्या माणसाचे डोळे बांधलेले नसतात. शिवाय मूळ खड्ड्यांतली आणि प्रेतं हलवून नेलेल्या खड्ड्यांतली माती, गोळ्यांच्या पुंगळ्या, कोझ्लुकला तर बाटल्यांच्या काचासुद्धा एकमेकांशी जुळल्या.

फुगवलेला आकडाही तितक्याच कडकपणे तपासा, नाहीतर नकार देणाऱ्याच्या हातात आपण आयतं कोलीत देतो. युद्धकाळात ‘बोस्नियात दोन लाख ठार’ हा आकडा जगभर छापला गेला, अजूनही सापडतो. सारायेव्होच्या संशोधन व दस्तऐवज केंद्राने एकेक नाव नोंदवत केलेली गणना २०१३ मध्ये ९५,९४० वर थांबली. हेगच्या न्यायाधिकरणाच्या लोकसंख्यातज्ज्ञांचा अंदाज सुमारे १,०४,७०० आहे. म्हणजे एक लाखाच्या आसपास लिहा. केंद्राच्या त्याच यादीत छेद निवडण्याची खुबीही दिसते: एकूण मृतांमध्ये सर्ब जवळपास एक चतुर्थांश, पण मृत नागरिकांमध्ये साधारण एक दशांश, तर बोस्नियाक चार पंचमांशांहून जास्त. ‘सगळ्यांनीच सोसलं’ सिद्ध करायचं असेल तर लेखक पहिला छेद घेतो आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतो.

रेघ मारलेली क्रियापदं

हा भाग मराठीत जास्त काळजीने करावा लागतो, कारण कर्ता लपवण्याच्या बाबतीत आपली भाषा फार उदार आहे. ‘मारले गेले’, ‘मृत्युमुखी पडले’, ‘प्राण गमावले’, ‘बेपत्ता झाले’, ‘हिंसाचार उसळला’, ‘परिस्थिती चिघळली’. यांत कुणीच काही केलेलं नसतं. ‘धारातीर्थी पडले’ आणि ‘कामी आले’ यांत तर मरणाऱ्याला शस्त्रही दिलेलं असतं.

कागदावर दोन रकाने आखा. एकात बोस्नियाकांच्या मरणाची सगळी क्रियापदं, दुसऱ्यात सर्बांच्या. एका रकान्यात ‘प्राण गमावले, बळी पडले’ आणि दुसऱ्यात ‘कत्तल केली, कंठस्नान घातलं’ असं दिसलं की लेखाचा कल कळला, मग लेखक स्वतःला कितीही तटस्थ म्हणवो. भाषांतर असेल तर मूळ पाहा. अनेकदा मूळ वाक्यात कर्ता असतो आणि तो भाषांतरकाराच्या हातून, काही हेतू नसताना, ‘गेले’मध्ये विरून जातो. ‘कथित’ आणि ‘म्हणे’ही मोजा. २०२१ मध्ये अपिलात कायम झालेल्या गुन्ह्याला ‘कथित’ लावणं ही सावधगिरी नव्हे.

कर्ता लिहायचा म्हणजे ‘सर्बांनी मारलं’ लिहायचं नाही. ब्रान्येवोच्या शेतावर गोळ्या घालणाऱ्यांपैकी ज्याने स्वतः गुन्हा कबूल केला आणि तिथे सुमारे १,२०० माणसं मारल्याची साक्ष दिली, तो द्राझेन एर्देमोविच जन्माने क्रोएट होता. तो बोस्नियन सर्ब सैन्याच्या दहाव्या घातपात तुकडीत होता. उलट बाजूला, वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होच्या बचावात योव्हान दिव्याक हा सर्ब जनरल होता. म्हणून सैन्याचं, तुकडीचं, पदाचं नाव लिहा.

वाईट वाक्य: ‘जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात उसळलेल्या हिंसाचारात हजारो मुस्लिमांनी प्राण गमावले.’ दुरुस्त: ‘जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनित्सातले सात ते आठ हजार बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले. त्यांतले बहुसंख्य पकडल्यानंतर.’ शब्द थोडेच वाढले.

चौकटीतल्या तारखा, आणि ‘पण’

लेखातली पहिली तारीख पाहा. १३८९ची कोसोवोची लढाई असेल तर पुढे ‘शतकानुशतकांचं वैर’ येणार हे ठरलेलं. १९४१-४५ असेल तर यासेनोवात्सची छळछावणी येणार. ती छावणी आणि तिथे उस्ताशांनी (क्रोएशियातल्या फॅसिस्टांनी) केलेली सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची हत्या पूर्णपणे खरी आहे. पण तिथेही आकडा तपासा: युगोस्लाव्ह काळात सात लाख सांगितले जात, आजच्या स्मारकाच्या नावनिशीवार यादीत ८३ हजारांवर नावं आहेत. जुना अत्याचार संदर्भ म्हणून आलाय की नव्या अत्याचाराचं कारण म्हणून, एवढं पाहायचं. कारण म्हणून आला असेल तर पुढचं वाक्य बहुधा ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ या चालीचं असतं. भांडणाला ही म्हण ठीक. हात मागे बांधलेल्या माणसाला लावता येत नाही.

स्रेब्रेनित्सापुरतं बोलायचं तर नकाराच्या लेखांची आवडती तारीख ७ जानेवारी १९९३. त्या दिवशी, ऑर्थोडॉक्स नाताळाला, स्रेब्रेनित्सातल्या बोस्नियाक सैन्याने क्रावित्सा या सर्ब गावावर हल्ला केला. त्यात नागरिकही मेले. हे लेखातून गाळणाराही पक्षपातीच. इथला सेनापती नासेर ओरिच याला हेगमध्ये २००६ साली दोन वर्षांची शिक्षा झाली आणि २००८ मध्ये अपिलात तो सुटला. ही गोष्ट सांगायची, नक्की सांगायची. कसोटी एवढीच: ती ‘पण’च्या कुठल्या बाजूला आहे? ‘सात हजारांची हत्या झाली, पण त्याआधी सर्ब गावंही जळाली होती’ या वाक्याचा सगळा भार मराठीत शेवटी पडतो. दोन स्वतंत्र वाक्यं करा, मधला ‘पण’ काढा आणि वाचून पाहा. अर्थ बदलला तर ‘पण’ हाच युक्तिवाद होता.

‘न्यायालयानेच म्हटलंय’

इथे दम धरा आणि मूळ निकाल उघडा. १६१ जणांवर आरोप ठेवणारं, पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठीचं हे हेगचं न्यायाधिकरण २०१७च्या अखेरीस बंद झालं, पण त्याचे निकाल आणि जाहीर पुरावे व साक्षी वारसदार यंत्रणेच्या संग्रहात इंटरनेटवर खुल्या आहेत. प्रत्येक निकालाचे परिच्छेद क्रमांकित असतात. परिच्छेदाचा क्रमांक न देता ‘न्यायालय म्हणालं’ लिहिणाऱ्या लेखावर भरवसा ठेवू नका. आणि नेहमी अपिलाचा निकाल आधी पाहा. क्रस्तिचला २००१ मध्ये वंशसंहार केल्याबद्दल दोषी ठरवलं, २००४ मध्ये अपिलात ते वंशसंहाराला साहाय्य करण्यापर्यंत उतरलं आणि शिक्षा ३५ वर्षं झाली. स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला हा निष्कर्ष मात्र अपिलात कायम राहिला. पहिलं अर्धं सांगून दुसरं गिळणारे लेख पुष्कळ आहेत.

आणखी तीन अर्धसत्यं वारंवार भेटतात.

‘आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्बियाला निर्दोष ठरवलं.’ हे न्यायाधिकरणाहून वेगळं, देशांमधले वाद ऐकणारं न्यायालय. त्याच्या फेब्रुवारी २००७च्या निकालात सर्बियाने वंशसंहार केला किंवा त्यात सामील होता हे सिद्ध झालं नाही हे खरं. त्याच निकालात स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला असं म्हटलंय, आणि तो रोखण्याचं व दोषींना शिक्षा करण्याचं कर्तव्य सर्बियाने मोडलं असंही.

‘मिलोशेविचची निर्दोष मुक्तता झाली.’ सर्बियाचा तेव्हाचा अध्यक्ष असलेल्या मिलोशेविचचा खटला निकालाविना संपला, कारण ११ मार्च २००६ रोजी तो कोठडीत वारला. बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता काराजिच याच्या २०१६च्या निकालात, त्या खटल्यात आलेल्या पुराव्यावरून मिलोशेविच बोस्नियाक आणि क्रोएटांना हुसकावण्याच्या समान योजनेत सहभागी असल्याचं सिद्ध होत नाही, अशा अर्थाचा परिच्छेद आहे. दुसऱ्याच्या खटल्यातल्या त्या टिपणीचा ‘निर्दोष’ केला गेला.

‘न्यायालयाने वंशसंहाराचा आरोप फेटाळला.’ इथे लेखकाला घाईने नकार देणारा ठरवू नका. काराजिच आणि म्लादिच दोघांवर दोन वेगळे आरोप होते: १९९२ मध्ये इतर नगरपालिकांतल्या वंशसंहाराचा आणि १९९५च्या स्रेब्रेनित्साचा. पहिल्यातून दोघे सुटले, दुसऱ्यात दोषी ठरले आणि दोघांनाही शेवटी जन्मठेप झाली. १९९२ मध्ये वायव्य बोस्नियातल्या प्रियेदोरला आणि तिथल्या छावण्यांत जे झालं त्याला वंशसंहार म्हणावं की मानवतेविरुद्धचे गुन्हे, यावर गंभीर अभ्यासक आजही वाद घालतात. तो वाद घालणं म्हणजे नकार नव्हे. छावण्यांमधल्या हत्या नाकारणं म्हणजे नकार.

अधिकृत अहवाल उद्धृत केला असेल तर त्याचं वर्ष पाहा. बोस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या (देशातल्या स्वायत्त सर्ब भागाच्या) सरकारने २००४ मध्ये स्वतःच्या आयोगाचा अहवाल मान्य करून माफी मागितली होती. २०१८ मध्ये तिथल्या विधानसभेने तो अहवाल रद्द केला. एकाच संस्थेची दोन टोकं, आणि लेखकाला हवं ते टोक उचलता येतं.

छायाचित्र बनावट असल्याचा दावा

ऑगस्ट १९९२ मध्ये प्रियेदोरजवळच्या त्र्नोपोल्येच्या छावणीतलं, काटेरी तारेमागच्या हाडकुळ्या तरुणाचं दृश्य ब्रिटिश दूरचित्रवाणीने दाखवलं. १९९७ मध्ये ‘एलएम’ या मासिकाने लिहिलं की तार कैद्यांभोवती नव्हतीच, पत्रकारच तारेच्या आत उभे होते. बदनामीचा खटला झाला, मार्च २००० मध्ये मासिक हरलं आणि तीन लाख पंचाहत्तर हजार पौंडांची भरपाई पडून बंद झालं. तपासणाऱ्याने इथे तारेच्या खांबांत अडकू नये. तार कुठल्या बाजूने ठोकली होती हा एक प्रश्न, आणि त्या छावणीत माणसं डांबली, मारली, त्यांच्यावर बलात्कार झाले का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर त्या चित्रावर अवलंबून नाही, हेगमधल्या अनेक खटल्यांतल्या साक्षींवर उभं आहे. नकाराचा लेख लहान प्रश्न जिंकतो आणि मोठा जिंकल्यासारखा बोलतो. म्हणून समासात दोन्ही प्रश्न वेगळे लिहा, आणि प्रत्येकाखाली पुरावा कोणता ते लिहा.

सारायेव्होच्या मार्काले बाजारात पडलेल्या तोफगोळ्यांबद्दल ‘बोस्नियाकांनी ते स्वतःवरच मारले’ हा दावा आला तर हीच रीत. फेब्रुवारी १९९४च्या गोळ्यासाठी सारायेव्होला वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याचा जनरल गालिच याच्या खटल्याचा निकाल वाचा, ज्यात दिशा आणि अंतर या दोन्हींची तपासणी सविस्तर दिली आहे.

स्वतः लिहिताना एक लहानसं काम शेवटी करा. ओळख पटलेल्यांचा आकडा छापताना महिना आणि वर्ष टाका. दर ११ जुलैला पोटोचारीत नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं, कधी थोडी हाडं मिळाल्यामुळे जुनी कबर पुन्हा उघडावी लागते, आणि आकडा हलतो. तारीख नसलेला आपलाच आकडा दहा वर्षांनी कुणाच्या तरी लेखात ‘फक्त’ या शब्दामागे जाऊन बसतो.